नाळेचा रकाना

अठरा नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेआठ. हजर: मी, बाळंतपणाला आलेली माझी लेक, तिचं सव्वीस दिवसांचं बाळ आणि बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. गैरहजर: जावई आणि पाच वर्षांची मोठी नात. नातीची शाळा बुडू नये म्हणून ती दोघं मुलुंडला त्यांच्या घरीच होती, शनिवारी आमच्याकडे अंधेरीला यायची.

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी अकरा वर्षं मीटिंगची इतिवृत्तं लिहिली. त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची तर तारीख आणि हजेरीपासूनच सुरुवात होते. घरातही तेच. बाळ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जन्मलं आणि ते घरी आलं त्याच दिवशी मी फ्रिजवर तक्ता लावला. रकाने पाच: दूध, शू, शी, ताप, नाळ.

नाळ साधारण आठ-दहा दिवसांत पडते. दहाव्या दिवशी बाळाला दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थांबू या, पडेल. पंधरावा दिवस गेला, अठरावा गेला. आमच्याकडे नाळ पडल्याशिवाय बारसं करत नाहीत, त्यामुळे विहीणबाईंचा रोज फोन. लेक फ्रिज उघडायला गेली की त्या रकान्यातले ओळीने लिहिलेले ‘नाही’ बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. विसाव्या दिवशी नवा कागद लावताना मी तो रकानाच काढून टाकला. त्याच्या जागी ‘पू’ असा रकाना घातला. त्याचंही उत्तर रोज ‘नाही’ येत होतं, पण हे ‘नाही’ चांगलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. दरम्यान बेंबीभोवती जरा लाली दिसली, तेव्हा डॉक्टरांना फोनवरही मी हेच सांगितलं: ताप नाही, पू नाही. ते म्हणाले, मग दोन दिवस बघू.

मावशी वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. पूर्वी मासळी विकायच्या. गुडघे गेल्यावर टोपली सुनेकडे दिली आणि आसपासच्या इमारतींतली बाळं न्हाऊ घालायला लागल्या. माझी लेक तान्ही होती तेव्हाही मासळीच्या सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनीच तिला न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे आमच्या घरात त्या कोणाची भीड ठेवत नसत.

त्या मंगळवारी त्यांनी बाळाला पायांवर घेतलं, लंगोट सोडला आणि थांबल्या.

“काय गो बाय, आज कागदावर काय लिवलंस?”

“ताप नाही, पू नाही,” मी बादलीत हात घालून पाणी बघत म्हटलं.

“कागद बरा आहे तुझा. पोराचं पोट बघितलंस?”

मी वाकून बघितलं. नाळ सुकलेल्या देठासारखी तशीच होती. भोवतीची लाली काल होती त्याहून वाढून दहाच्या नाण्याएवढी झाली होती. बोट लावलं तर कडक लागली.

“मी आज पानी घालनार नाय,” मावशी म्हणाल्या. “आधी डॉक्टर.”

“मावशी, असं काय करतेस?” लेक म्हणाली. “पू नाहीये ना पण.”

“नाय म्हणून तर सांगते. आमच्यात शिंगाळ्याचा काटा हातात गेला का तिसऱ्या दिवशी पू धरतो. धरला का आम्ही घाबरत नाय. फुटतो, हात मोकळा होतो. ज्याचा हात सुजतो, लाल होतो नि पू धरतच नाय, त्याला आम्ही घरात ठेवत नाय.”

“मावशी, हे बाळ आहे. मासळी सोलणारा हात नाही,” मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. पाणी निवत होतं आणि सव्वानऊला त्यांचं पुढचं घर होतं.

“हात असू दे नाय तर बेंबी, कातडं एकच. पुढच्या घरी फोन करून सांग, उशीर होईल. तुम्हाला रिक्षात बसवल्याशिवाय मी उठत नाय.” आणि त्या खरंच स्टुलावर बसून राहिल्या.

दहा वाजता आम्ही डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, पू किती आला? मी अभिमानाने फोनमधला तक्त्याचा फोटो दाखवला. रोजची नोंद आहे, एकदाही नाही. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

“नाळेचं कुठे लिहिलेलं नाही.”

“तो रकाना मी काढला,” मी म्हटलं.

त्यांनी फोन परत दिला. रक्त तपासणीची चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या की प्रयोगशाळेने पुन्हा मोजून खात्री केली होती. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे शरीर झगडतंय एवढं मला माहीत होतं, म्हणून मी लेकीला धीर दिला. डॉक्टरांनी मात्र लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथे बाळाला सलाइनमधून औषधं सुरू झाली आणि रक्ताच्या आणखी तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरबाई रोगप्रतिकारशक्तीच्या विषयातल्या होत्या. माझ्या हातातली वही बघून म्हणाल्या, “तुम्हाला क्रमाने सांगितलेलं आवडेल असं दिसतंय,” आणि कागदावर दोन समांतर रेघा ओढल्या. ती रक्तवाहिनी.

जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, म्हणजे एक प्रकारे हाक मारतात. त्या हाकेने जवळच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिकट होतं. रक्तातून धावणारी पांढरी पेशी त्याला घासते, गडगडते, तिचा वेग कमी होतो. मग तिला दुसरा निरोप मिळतो आणि तिच्या अंगावरच्या आकड्या, म्हणजे बारीक हुक, ताठ होतात. त्यांनी ती भिंत घट्ट धरते, चपटी होते, अंग चोरून फटीतून बाहेर पडते आणि हाक जिथून आली तिकडे सरपटत जाते. प्रत्येक पायरीला त्या बाण काढत होत्या. मी वहीत उतरवून घेत होते.

“आणि आमच्या बाळात?” लेकीने विचारलं.

“गडगडेपर्यंत सगळं होतं. आकड्या मात्र फार थोड्या आहेत. जन्मतःच. पेशी येतात, त्यांना धरता येत नाही, त्या पुढे वाहून जातात. म्हणून रक्तात गर्दी आणि बेंबीपाशी कोणीच नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पू म्हणजे तरी काय, आजी? तिथे पोचून मेलेल्या याच पेशी. तो दिसला असता तर मला आनंद झाला असता. नाळ सुटायलाही याच लागतात.”

लेकीने सरळ विचारलं, “जगेल का?”

आताचा संसर्ग औषधांनी आवरेल, त्या म्हणाल्या. पण पुन्हा पुन्हा होत राहील, आणि दर वेळी आवरेलच असं नाही. कायमचं बरं व्हायचं तर दुसऱ्या कोणाची अस्थिमज्जा द्यायची, म्हणजे आकड्या असलेल्या पेशी बाळाच्या अंगात तयार व्हायला लागतील. सख्ख्या भावंडाची जुळली तर सगळ्यात उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना फोन केला. सगळं सांगताना मी रडले. त्या म्हणाल्या, “पू नाय म्हणून रडनारी बाई मी पयल्यांदा ऐकते गो. उठ, पोरीला डबा ने.” मी उठले.

नाळ तेहेतिसाव्या दिवशी पडली, इस्पितळातच. मोठ्या नातीचं रक्त तपासलं आणि ते जुळलं. त्या दिवशी जावई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. मग कामं सुरू झाली. रक्तदात्यांची नावं, रजा, जंतू नकोत म्हणून घरातल्या कुंड्या बाहेर, पडदे धुणे, कोणी भेटायला येऊ नये म्हणून नातेवाइकांना निरोप. वहीत एकेका कामापुढे खूण होत गेली.

एक काम लेकीने मला दिलं. “आई, मोठीला तूच सांग. मी सांगायला गेले तर रडेन, आणि तिला वाटेल काहीतरी भयंकर आहे.” डॉक्टरबाईंचंही म्हणणं होतं की पाच वर्षांच्या मुलीला कळेल असं आधी सांगायला हवं, आणि तिने हो म्हणायला हवं.

मी मुद्दे लिहिले. झोपेचं औषध देतील. कमरेच्या हाडातून सुईने थोडी मज्जा घेतील. दोन-तीन दिवस दुखेल, मग भरून येईल. बाळाला तुझ्यातलं थोडं लागणार आहे. हे सगळं सांगता येतं. गेल्या शनिवारी ती माझ्याजवळ बसून चित्र रंगवत होती. म्हणाली, “आजी, बाळ घरी कधी येणार? तुझ्या वहीत बघ ना.” मी वही उघडली, मिटली आणि तिला चिकू कापून दिला.

शेवटचा मुद्दा अडतो. मज्जा देऊनही बाळ बरं झालं नाही, तर तिने ते स्वतःवर घेऊ नये. हे तिला आधीच कसं सांगायचं? त्याची चार वाक्यं लिहून खोडली आहेत. गुरुवारी तिला दाखल करायचं आहे. उद्या शनिवार, सकाळी दहाच्या सुमारास जावई तिला आणून सोडतील. वहीत त्या एका ओळीपुढे अजून खूण नाही.