चौथं गाणं नंदाबाईंना आवडलं नाही

तिसरं गाणं संपत आलं आणि साखरबाई झोपल्या.

भिंतीला टेकून, तोंड जरासं उघडं, पदराचं टोक तसंच मुठीत. तेर गावातल्या महिला बचत गटाची ती खोली. दुपारची वेळ. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, आत पंखा संथ फिरत होता. सतरंजीवर ठेवलेल्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज येत होता, दूरच्या रानातून कुणीतरी सावकाश हाक मारावी तसा. खोलीतल्या बायकांच्या नजरा कुठंच नव्हत्या. एक दाराबाहेरच्या लिंबाकडं बघत होती. एक हातातल्या बांगड्या उगाच फिरवत होती.

माझ्या शेजारी तोंडाला स्कार्फ बांधून एक मुलगी बसली होती. साखरबाईंचं डोकं कललं तसं तिनं माझं मनगट घट्ट धरलं. स्पीकरमधला आवाज तिचा होता.

मी लोकांची मतं गोळा करते. साबण, चहापत्ती, बियाणं, मोबाईलचे प्लॅन, काय येईल ते. पुण्याची एक एजन्सी काम पाठवते आणि मी धाराशिव जिल्ह्यात फिरून लोकांना विचारते. मत देणाऱ्याला आम्ही रिस्पॉन्डंट म्हणतो. त्याचं उत्तर अर्धवट वाटलं तर पुन्हा विचारायचं, ‘म्हणजे कसं?’ याला प्रोब म्हणतात. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल या एका प्रश्नात आहे.

गाण्यांचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं. याला लिसनिंग टेस्ट म्हणतात. लोकांना गाणी ऐकवायची, कुणाची ते सांगायचं नाही आणि मग मत घ्यायचं. नाव सांगितलं की लोक गाणं सोडून नावाला मार्क देतात.

नाव होतं कावेरी. बेंबळीजवळच्या एका गावची मुलगी. तिचा पहिला अल्बम हळदीच्या गाण्यांचा. आमच्याकडं एकही मांडव असा नव्हता जिथं तो वाजला नाही. नवरदेवाच्या आजीपासून केटरिंगवाल्यापर्यंत सगळे त्यावर नाचले. दुसऱ्या अल्बमची सहा गाणी तिनं गायली ती अगदी वेगळी. संथ, मोकळी, मधे मधे नुसती शांतता. दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागायच्या आधी जे काय आठवतं, तसलं सगळं.

म्युझिक कंपनीचे निखिल सर फोनवर मला म्हणाले होते, “मॅडम, सरळ आहे. तिच्याच जिल्ह्यातले लोक कंटाळले, तर आम्ही सगळ्या गाण्यांवर नाचाचा बीट चढवणार आणि लग्नसराईच्या आधी काढणार.”

“आणि तिची हरकत असली तर?”

“करारात तो हक्क आमचा आहे.”

म्हणजे मी घेऊन येणार त्या मतांवर तिची गाणी जशीच्या तशी राहणार की नाही, हे ठरणार होतं. साबणाच्या वेळी असं ओझं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या ठरलेल्या गाडीवाल्यानं लग्नाचं भाडं घेतलं आणि मला नाही म्हणून कळवलं. मी दुसरी गाडी शोधतेय, तोवर कावेरीचाच फोन आला. कंपनीतल्या कुणाकडून तरी तिनं नंबर काढला होता.

“मॅडम, म्या येते गाडी घेऊन. मीच चालवते.”

“बाळा, ज्यानं वस्तू बनवली त्यानं खोलीत बसायचं नसतं. नियम आहे.”

“एक शब्द बोलणार न्हाय. व्हिडिओत माझा एवढा मेकअप हाय, की स्कार्फ बांधल्यावर माझी मावशीसुद्धा ओळखणार न्हाय.”

“आणि निखिल सरांना काय सांगू?”

“खरं तेच सांगा. पण काम झाल्यावर.”

मी हो म्हटलं. एक तर गाडी नव्हती. दुसरं म्हणजे तिच्या आवाजात कसली तरी घाई होती, दवाखान्यात रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसासारखी.

पहिल्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेलो. बाजाराचा दिवस. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मी माणसं जमवली होती. ग्रीसचा वास, बाहेर शेळ्यांचा आणि भाजीवाल्यांचा कालवा, आणि आत ही गाणी. सुरुवातीला मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं वाटलं.

दोन तरुण पोरं म्हणाली, “झोप येती.”

मी प्रोब केलं. “म्हणजे कसं?”

“म्हंजे बोअर हाय, मॅडम. उठून कुठंतरी जावं वाटतंय.”

शेळी विकायला आलेले एक काका मात्र डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्या जुन्या रानात एक बाभूळ व्हती. ते रान आता आमचं न्हाय. आत्ता बसल्या बसल्या तिच्या सावलीत जाऊन आलो बगा.”

“मग गाणं आवडलं म्हणायचं का?”

“ते मला काय म्हाईत. सावली लागली, एवढं सांगतो.”

याला पाचपैकी किती मार्क लिहायचे, मला कळेना.

दुकानाचे मालक गल्ल्यावर बसूनच ऐकत होते. ते म्हणाले, “बाई कोण का असंना, गळा चांगलाय. पर ती आपल्यासाठी गात न्हाय. आपल्या आपल्याशी बोलती.”

परतताना कावेरीनं गाडी सावकाश चालवली. दोन्ही बाजूंना काढणी झालेली रानं, त्यावर तिरपं ऊन. एवढ्या उजेडात रस्ता पाण्यासारखा हलत होता.

“आपल्या आपल्याशी बोलती, म्हणाले ते,” ती म्हणाली.

“हो.”

“खरं हाय ते. पयल्या अल्बमच्या वेळी म्या सारखी लोकांशी बोलत होते. स्टेज, मांडव, पुन्हा स्टेज. सहा म्हैनं घरी गेले न्हाय. मग एक दिवस दुपारी घरी येऊन आईजवळ आडवी झाले. खिडकीतून होल्याच्या घुमण्याचा आवाज येत होता. तवा ही गाणी सुचली. हितं कुणी ऐकणारं हाय का न्हाय, हा विचारच न्हाय केला.”

दुसऱ्या दिवशी तेर. तिथंच साखरबाई झोपल्या.

सहावं गाणं संपलं. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. साखरबाई दचकून जाग्या झाल्या आणि लाजल्या.

“झोपच आली बगा.”

कावेरीची मान खाली गेली. मी नेहमीसारखं विचारलं, “म्हणजे कसं, साखरबाई? कंटाळा आला?”

“छे गं बाई. ह्या गुडघ्यापायी रात रात जागी असते मी. कूस बदलायची म्हटली तरी कळ येती. आत्ता कसा डोळा लागला, मलाच कळलं न्हाय. कुणीतरी तेल चोळल्यागत वाटलं.” मग स्पीकरकडं बोट करून म्हणाल्या, “हे मोबाईलात मिळतं का?”

माझ्या शेजारची मान वर आली. आदल्या दिवशी वाशीत ‘झोप येती’ होतं, इथंही ‘झोप येती’च. कागदावर दोन्ही उत्तरं सारखीच दिसली असती.

एकेक बाई बोलू लागली. एकीला माहेरच्या वाटेवरची चिंच दिसली होती. एक म्हणाली, “मी हितं नव्हतेच, कुठं होते ते विचारू नका.” सगळ्या हसल्या. मी लिहीत होते. आणि तेवढ्यात साखरबाईंनी माझ्या शेजारी बघत विचारलं, “तू गं पोरी? मघापासून गप बसलीस. तुला कसं वाटलं?”

कावेरीनं नुसती मान हलवली.

“मुकी हाय का?”

“नाय ओ मावशी,” ती न राहवून बोलली. “तुमाला बरं वाटलं, ते ऐकून लई बरं वाटलं.”

एवढं पुरे होतं. तो आवाज पाऊण तास त्याच खोलीत फिरत होता. कोपऱ्यातली एक बाई ओरडली, “अगं बया! हीच ती!” कावेरीनं स्कार्फ सोडला. मग काय विचारता. “हळदीवाली! आपल्या बेंबळीकडची!” कुणी तिचा हात धरला, कुणी फोटो काढला, कुणी चहा टाकायला धावलं. ज्या बाईनं मघाशी ‘ठीक हाय’ म्हटलं होतं ती म्हणाली, “सगळी गाणी लई भारी. माझं नाव लिहा, मॅडम.”

मी पेन खाली ठेवलं. टेस्ट संपली होती. यापुढचं एकही मत कामाचं नव्हतं.

त्या गडबडीत शिलाई मशिनजवळ बसलेली एक बाई जागची हलली नव्हती. नंदाबाई. गावातल्या ब्लाउज शिवणाऱ्या. त्यांचा नंबर अजून आला नव्हता. त्या म्हणाल्या, “माझं राहिलंय.”

“सांगा ना,” मी म्हटलं. आता काय, चांगलंच म्हणणार, असं मनात होतं.

“बाकी गाणी ग्वाड हायत. चौथं न्हाय आवडलं.”

“नंदे, ती समोर बसलीय,” कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

“बसंना. समोर हाय म्हणून काय खोटं बोलू?”

चौथं गाणं पाणी आणणाऱ्या बाईचं होतं. डोक्यावर घागर, पहाटेचं धुकं, ती चालतेय आणि गुणगुणतेय. चाल फार सुंदर होती. मला स्वतःला ते सगळ्यात जास्त आवडलं होतं.

कावेरी नंदाबाईंच्या समोर जाऊन जमिनीवर बसली. “का न्हाय आवडलं?”

“तू कधी पाणी आणलंस का?”

“आमच्या घरी आई आणायची.”

“मग आईला विचार. डोक्यावर घागर असली की मान हलवता येत न्हाय, श्वास पुरत न्हाय. गाणं कुठनं येतंय? टँकर आल्यावर तर नुसती भांडणं. आमी गायलो, पर घरी येऊन, पाय पसरून बसल्यावर. वाटंवर न्हाय.”

मला वाटलं, कावेरी रडेल. पण तिनं विचारलं, “मग ते गाणं कसं असायला पायजे?”

“ते मला काय ठाव. मी ब्लाउज शिवते.” मग नंदाबाई जरा नरमल्या. “तुझी दुसरी गाणी खरी हायत, म्हणून हे खोटं लगेच कळतंय. सगळीच खोटी असती, तर मी कशाला बोलले असते?”

येताना कावेरीनं तेरणा नदीच्या काठी गाडी थांबवली. पात्रात थोडंच पाणी होतं, पण संध्याकाळ त्यात पूर्ण उतरली होती. एक बगळा एका पायावर उभा. ती बराच वेळ चौथ्या गाण्याची चाल गुणगुणत राहिली, शब्द न घेता. शब्द नसले की ते गाणं खरंच खोटं वाटत नव्हतं. तो आवाज, ते पाणी आणि तो मावळता उजेड यांत मला माझं वय, माझं काम, रिपोर्टची तारीख, काहीच आठवेना. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

“आई हात दुखतात म्हणायची,” ती एकदम म्हणाली. “म्या ऐकलंच न्हाय तवा. मला लांबून ती येताना दिसायची. लई छान दिसायची.”

मी तिथूनच निखिल सरांना फोन लावला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तेरची टेस्ट बाद झाल्याचंही सांगितलं.

“तुम्ही तिला खोलीत बसू दिलंत?”

“हो सर. जबाबदारी माझी.”

“मग आता?”

“उद्या बेंबळीला जाते. ती गाडीतून उतरणार नाही.”

बेंबळीला ती लिंबाखाली गाडीत बसून राहिली. मी आत आणखी एक टेस्ट घेतली, पुरुष आणि बायका मिळून. इथं मी प्रश्न बदलला. ‘आवडलं का’च्या जोडीला ‘कधी ऐकाल’ असंही विचारलं. लग्नात ऐकू, असं एकानंही म्हटलं नाही. पिकाला पाणी देताना, एसटीत खिडकीशी, भाकरी खाऊन आडवं झाल्यावर, बाळ झोपवताना, अशी उत्तरं आली. काहींना काहीच आवडलं नाही, तेही लिहिलं.

रिपोर्ट दिल्यावर निखिल सरांचा फोन आला.

“मॅडम, एका वाक्यात सांगा.”

“नाचायला कुणी घेणार नाही. पडून ऐकायला घेतील.”

“पडून ऐकणाऱ्यांचं मी काय करू?”

“ते मी कसं सांगू, सर? लोक काय म्हणतात, एवढंच माझं काम.”

मग ते म्हणाले, “गाणी मलाही आवडलीत हो. पण मला वर उत्तर द्यावं लागतं.”

शेवटी तडजोड झाली. एका गाण्यावर बीट चढवला, चार जशीच्या तशी राहिली. चौथं कावेरीनं स्वतःहून काढून टाकलं. कंपनी ते ठेवायला तयार होती, तिनं ऐकलं नाही. पाच गाण्यांचा अल्बम निघाला.

गाजला म्हणता येणार नाही. पहिल्या अल्बमच्या पासंगालाही तो पुरला नाही. खाली कमेंट येत राहिल्या. ‘हळदीवाली कावेरी परत आणा’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. ‘माझ्या बाबांना आयसीयूत हेच ऐकवत होतो’ असं एकानं लिहिलं. बीटवालं गाणं सगळ्यात कमी चाललं. पुढच्या अल्बमचा करार कंपनीनं केला नाही. कावेरी आता हळदीचे कार्यक्रम करते, त्यावर घर चालतं, आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी स्वतःच काढते. मधे भेटली तेव्हा चेहरा शांत होता. चौथ्या गाण्याला अजून शब्द मिळालेले नाहीत, म्हणाली. घाई नाही, असंही म्हणाली.

मी अजून तोच नियम पाळते. वस्तू बनवणाऱ्याला खोलीत बसू देत नाही. नवीन मुली माझ्याकडं काम शिकायला येतात, त्यांना आणखी एक गोष्ट सांगते. चुकून ओळख उघडी पडलीच, तर टेस्ट बाद धरा, पण लगेच उठू नका. ओळख पटल्यावरही ज्याचं मत बदलत नाही, त्याचं मत आधी लिहून घ्या. बाकीच्यांबरोबर चहा प्या.