टेस्टिंग मेन्यूतले न दिसलेले काजू

लंडनमधल्या हॅरो-हाउन्सलोच्या मराठी मंडळींनो, आपल्या अ‍ॅलर्जीला घरचे अजूनही नखरे म्हणतात!

आज दुपारी एका नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये टेस्टिंग मेन्यूआधी, म्हणजे शेफच ठरवतात त्या छोट्या-छोट्या पदार्थांच्या जेवणाआधी, वेटरने अ‍ॅलर्जी विचारली. माझ्या बायकोला, नेहाला, काजू चालत नाहीत. सोबत आलेल्या माझ्या आईने परस्पर सांगितलं, "नो, नो, एव्हरीथिंग ओके!"

नेहा कुजबुजली, "जाऊ दे रे, किचन समोरच आहे. काजू दिसले तर नाही खाणार."

सॉसमध्ये वाटलेले काजू कुणाला दिसतात? दोन घासांतच तिने माझा हात घट्ट धरला. "घसा बंद होतोय." मी तिच्या पर्समधलं अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं. समोरचे शेफ जागच्या जागी थिजले.

आता हॉस्पिटलमध्ये ती झोपली आहे. तिचा श्वास जरा लांबला तरी मी उठून तिच्याजवळ वाकतो. भिडेपायी जीव द्यायचा का?

कुठे टेबल बुक केलं असेल, तर आत्ता फोन करून आपली अ‍ॅलर्जी स्वतः सांगा.