लपवलेला भात आणि इतर गुन्हे

नव्या घरात किस्से साठायला वेळ लागत नाही. डिसेंबरात लग्न होऊन मी रिह्याला, सासरच्या गावी आले आणि संक्रांतीपर्यंत फोनमधल्या नोट्स भरल्या. तोंडाने सांगायची सवयच नव्हती ना! माहेरी चूक झाली की बाबा बोलणं बंद करायचे. कधी दोन दिवस, कधी आठ. त्यामुळे चूक लपवणं मी बाराखडीच्या आधी शिकले.

*

पहिला गुन्हा भाताचा. घरचा नवा तांदूळ, आणि मी पाणी घातलं शहरातल्या मापाने. झाली खळ! कुणी बघायच्या आत पातेलं मागच्या दारी कोंबड्यांपुढे पालथं केलं.

वळले तर सासूबाई उभ्या. म्हणजे आई.

"कोंबड्यास्नी जेवाय बोलावलंस व्हय? मग वरण बी वाढ की!"

मी अबोल्याची वाट बघत राहिले. आईंनी दुसरा भात टाकला आणि गप्पा चालूच!

*

त्या दिवसांत मी फार सॉरी म्हणायचे. चटणी संपली, सॉरी. पापड मोडला, सॉरी. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, चार दिवस ऐकून घेतलं आणि महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "आरं, सून आणलीस का कस्टमर केअर?"

*

एकदा सकाळी मी महेशवर जरा चिडले. तो हिंजवडीला ऑफिसला गेला. संध्याकाळी फोन लागेना. झालं, आता हा बोलायचा नाही! मी मेसेजवर मेसेज. माझ्याकडे घरचं वायफाय, पण वाटेवर आमच्या खोऱ्यात रेंज कुठली? ते सगळे त्याला गावाच्या वळणावर रेंज येताच एकदम मिळाले.

घरी येऊन हेल्मेट काढत म्हणाला, "मी पेट्रोलच्या लाइनीत होतो गं. तेवढ्यात तू चारदा माफी मागितलीस, दोनदा भांडलीस आणि एकदा माहेरी निघालीससुद्धा!"

*

माझी मैत्रीण समुपदेशक आहे. ती म्हणाली, "लहानपणी चुकल्यावर जवळची माणसं दूर गेली, की मोठेपणी साधी चूकसुद्धा लाज होऊन बसते. 'माझं चुकलं' असं वाटत नाही, 'मीच चुकीची' असं वाटतं. मग माणूस एक तर चिकटतो, नाही तर लपतो."

मी दोन्ही करते! हे आईंना सांगितलं. त्या गोठ्यात करडाला बाटलीने दूध पाजत होत्या.

"ह्येला मायनं लाथाडलंय," त्या म्हणाल्या. "हाक मारली की आदी पळतंय, मग येतंय. आपुन हाक मारायची सोडायची न्हाई, एवडंच."

मैत्रिणीची फी ऐकून मात्र त्यांचा हात थांबला.

*

जुलैत भाताची लावणी. आमच्याकडे सावड असते: शेजारच्या बायका आमच्या खाचरात, मग आम्ही त्यांच्या. मीही पदर खोचून एक पट्टा लावला. दुसऱ्या दिवशी उजाडताच बघते तर माझ्या पट्ट्यातली सगळी रोपं सुटून पाण्यावर तरंगतायत! मुळं वरच दाबली होती. बायका यायच्या आत गुपचूप परत लावू म्हणून घाईने चिखलात उतरले, तेवढ्यात सगळ्या बांधावर हजर.

"कुणाचा गं ह्यो पट्टा?" शेजारच्या पारूकाकू ओरडल्या.

आई पटकन म्हणाल्या, "माजा हाय. हात चालंना काल."

बायका आईंना हसायला लागल्या. तीस वर्षं लावणी करणारी बाई! आईही हसत होत्या. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर मी पटाईत. पण आवाज निघाला, तोही चांगला मोठा.

"नाही काकू! तो माझा पट्टा आहे. माझं चुकलं."



पारूकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "आता ठरवा की दोगी! चुकलंय कुणाचं?"

आईंनी रोपांची जुडी सोडली, अर्धी माझ्या हातात दिली, अर्धी स्वतःकडे ठेवली आणि माझ्या शेजारी वाकल्या.

"आमचं," त्या पारूकाकूंना म्हणाल्या. "तू काय, पंचनामा कराय आलीस का लावणी?"