वहिनींचं नाव

केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म काढूनही प्रमोदिनीवहिनींनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. कुणी पुढे घुसलं की 'अच्छा जी' म्हणून बाजूला होणारं माणूस! मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी मात्र गुरुग्रामच्या पुनर्वसन केंद्रात दार अडवून त्या म्हणाल्या, "आज मैं अंदर बैठूँगी." मीही मागोमाग घुसलो.

शांतारामदादाची, माझ्या थोरल्या भावाची, पक्षाघाताने वाचा गेली होती. पाय सुधारला, शब्द काही परतेनात. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हा तिथला नियम. वाचोपचार करणारी सलोनी तशी भली मुलगी, पण तिच्यामागे रुग्णांची रांग. आजच्या चाचणीत दादा बोलला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती. दादाला ते कळत होतं. त्याला घाम फुटला होता.

"अंकल, ये क्या है?" सलोनीने छत्रीचं चित्र धरलं. दादाचे ओठ हलले आणि मिटले. मग कुलपाचं चित्र. काही नाही.

"आपकी पत्नी का नाम?"

दादाने वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सलोनीने पेन उचललं.

"रुकिए," वहिनी म्हणाल्या. "हिंदी इन्होंने बस दफ्तर में बोली है. घर में आरती लगाती हूँ तो इनके मुँह से मराठी शब्द अपने आप निकलते हैं." त्यांनी खुर्ची दादासमोर ओढली. "अहो, लग्नातला तुमचा उखाणा. म्हणा."

उखाणा? वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे ना, असंच मला वाटलं.

"दिल्लीचं सरकार, नागपूरची संत्री..." वहिनी थांबल्या.

त्यांनी पुन्हा त्याच चालीत म्हटलं. सलोनीने घड्याळाकडे पाहिलं. मला तिचा राग आला आणि वहिनींचाही. कशाला या माणसाची शोभा करताय! वहिनींनी दादाचा हात घट्ट धरला. आता त्यांचा आवाज फाटला होता. "दिल्लीचं सरकार, नागपूरची संत्री..."

"प्र..." दादाचा चेहरा लालबुंद झाला. "प्रमो... प्रमोदिनी... घरची... मंत्री."

सलोनीने पेन खाली ठेवलं. दादाची जागा राहिली. इथून पुढे वहिनींनी आत बसायचं आणि चित्रांची नावं मराठीत विचारायची, हेही तिने तिथेच ठरवलं.

"आंटी, अब क्यों रो रही हैं?" तिने विचारलं.

वहिनींनी डोळे पुसले. "बेटा, शादी के बाद आज पहली बार इन्होंने मेरा नाम लिया."