टाळ्या केव्हा वाजवायच्या

सकाळच्या मैफलीत पुढे गाद्या होत्या, मागे खुर्च्या. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स माझ्याजवळच्या गादीवर बसली. आलाप थांबला तेव्हा तिने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. गायिकेने हसून मान लववली. शेजारचे गृहस्थ मात्र हळूच म्हणाले, "ताई, राग संपला नाही अजून. पहिल्यांदाच आलात?"

"हो. फार छान वाटलं, म्हणून वाजवल्या."

"मग मागे बसा. तिथे चालतं."

ती पिशवी उचलून मागे गेली.

शास्त्रीय संगीत मूठभरांचं आहे असं कुणी म्हटलं, की जाणकार दुखावतात. प्रवेश सर्वांना खुला असतो, असं ते सांगतात. ते खरंही असतं.

राग संपला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वळून पाहिलं. नर्सने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, आणि त्यानंतर हात उचलले.