काकूचं गाणं आणि अंगणातली रांग

अन्याय झाला माझ्या धाकट्या काकूवर. गेल्या वर्षी, घटस्थापनेच्या सकाळी, आमच्याच अंगणात, सगळ्यांच्या देखत.

त्याआधी काही आठवडे तिला पक्षाघाताचा झटका आला होता. धाराशिवच्या दवाखान्यात जीव वाचला, हातपाय सावरले, बोलणं मात्र गेलं. पाणी हवं असलं तरी तोंडातून नुसतं "ते... ते..." यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला सगळं समजतंय, सोलापूरला नेऊन बोलण्याचे उपचार सुरू करा. थोरले काका म्हणाले, "बघू, दसरा होऊ दे."

काकू आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, दर मंगळवारी देवीची गाणी. त्या सकाळी बायकांनी गाणं धरलं आणि जिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तिनं अख्खं गाणं म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

झालं! "आईनं हिचं तोंड स्वतःसाठी राखून ठिवलंय," काकांनी निकाल दिला. दुपारपर्यंत नारळ घेऊन रांग लागली आणि सोलापूर बारगळलं. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत मी जिल्हाभर हिंडते. माझ्या घरापुढं चपलांचा ढीग.

मी म्हटलं, "काका, बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला जुळतं. तिथं इजा झाली तरी पाठ असलेलं गाणं दुसऱ्या वाटेनं येऊ शकतं. डॉक्टरांना विचारा तुम्ही."

"व्हय का? त्या वाटेनं एसटी जाती का, ते इचार आधी."

रांग खदखदून हसली. काकू हसली नाही. तिनं माझी बाही धरली आणि मला फाटकाकडं ओढलं. देवीची इच्छा सगळ्यांना कळत होती. काकूची इच्छा एवढी ढळढळीत दिसूनही एकालाही नाही. एक बाई तर म्हणाली, "अंगात वारं आलं बघा."

दसऱ्याची वाट न बघता मी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिला डाव्या हातानं ताल धरायला लावला आणि छोटे शब्द चालीवर म्हणायला शिकवले. जिथून गाणं येत होतं, तिथूनच बोलणं ओढायचं. आठवडे गेले. लई चिडायची, रडायची, पुन्हा ताल धरायची.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी घरी शेजारीण नारळ घेऊन आली. "म्हणा की आक्का, एकच गाणं."

काकूनं मांडीवर ताल धरला. "न-को."

काका पुटपुटले, "आई कोपली." देवी कशाला कोपेल? कोपली होती काकू, आणि ते सांगायला तिला इतके दिवस लागले. आज तिला मोजकेच शब्द येतात. उशीर झाला नसता तर किती आले असते, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

तुमच्या घरात, गल्लीत, पक्षाघातानं बोलणं गेलेलं कुणी असेल, आणि ते गाणं, आरती किंवा नुसत्या शिव्या बिनचूक म्हणत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. आजच त्याच्याजवळ बसा, 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देता येईल असं विचारा, उत्तर येईपर्यंत गप्प राहा. आणि उद्या सकाळची पहिली गाडी धरून त्याला उपचाराला न्या.