लटारूच्या गाडीचं परमिट

चालत्या ट्रकचे किस्से कुणीही सांगेल. आमच्याजवळ उभ्या ट्रकचे आहेत. गाडी उभी राहिली की अंगावर पाला पडतो, आत चिमण्या शिरतात, आणि दोस्त जमले की एका किश्शातून दुसरा निघतो.

ट्रक माझा आणि लटारूचा, भागीतला. मी शेत विकलं, त्यानं बैलजोडी आणि बायकोचे दागिने. तात्पुरत्या परवान्यावर नागपूरहून आणला आणि आमच्या सावली गावात, लटारूच्या घरासमोर मोहाखाली उभा केला. पक्कं परमिट आल्याशिवाय चाक हलवायचं नव्हतं. पावसाळ्याआधी मिळालं तर जंगलातला बांबू आणायचा, नाही तर हंगाम बुडणार आणि दोघंही मजुरीला जाणार.

* * *

अर्ज घेऊन गेलो, तर परमिटच्या साहेबांनी विचारलं, "कुठून कुठपर्यंत चालवणार?"

लटारूनं वैनगंगेपलीकडची रानातली गावं एका दमात सांगितली.

साहेबांनी नकाशा पाहिला. "अहो, तिकडे रस्ताच नाही."

"गाडी जाईल तं रस्ता होईल नं साहेब. आमच्या बैलबंडीचा असाच झाला."

साहेबांनी चष्मा पुसला अन् अर्ज ठेवून घेतला.

* * *

साहेब गाडी तपासायला आले ते ऐन मोहफुलांच्या दिवसांत. सगळ्या गावावर तो गोड वास, नुसतं चालतानाही झोप यावी असा. ट्रकच्या बॉडीत डोकावले, तर काठोकाठ मोहफुलं!

"परमिट नसताना माल भरला?"

लटारूची आई सूप घेऊन वरच बसली होती. "भरला नाई जी साहेब, वाळू घातला. खाली बकऱ्या खातेत."

* * *

ड्रायव्हर राजय्या, सिरोंच्याकडचा. रोज संध्याकाळी तो स्टिअरिंगवर बसायचा, आम्ही दोघं बाजूला. इंजिन बंद.

"आज कुठी?" लटारू विचारायचा.

"आलापल्ली."

मग तो तोंडानंच इंजिन चालवायचा, गिअर बदलायचा. उन्हं कलत असायची, काचेवर मोहाची पानं हलायची, आणि खरं सांगतो, मला ती मागे पळताना दिसायची. सागवान आलं, नाला आला, नदीची रेती आली. एवढं सुख मला पुढे खऱ्या प्रवासात कधी मिळालं नाही.

एकदा लटारूच्या बायकोनं जेवायला हाक मारली. राजय्या म्हणाला, "थांबा बाई, घाट उतरला की येतो."

* * *

चांद्याला सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, "या परमिटला कुणाची हरकत?"

मागून एक म्हातारा उठला. लटारूचाच बाप, गोमाजीबुवा! जन्म बंडी हाकण्यात गेलेला. आमच्या पायाखालची जमीनच सरकली.

"ट्रकमुळे तुमचं भाडं बुडेल, म्हणून का?" साहेबांनी विचारलं.

"नाई जी. नवी बंडी घरी आली का मोठा माणूस पयले बसते. गावच्या शिवेपर्यंत जाऊन येते, मंग बाकीचे. हे पोट्टे दररोज बसून राह्यले, मले कोणी बस म्हटलं नाई."

लटारूनं मान खाली घातली. "बा, तुले गाडी आवडत नाई असं वाटलं मले."

"मग आजच बसवा त्यांना," साहेब म्हणाले.

"परमिटशिवाय गाडी कशी चालवू, साहेब?" लटारू म्हणाला.

"आणि हरकत असताना मी परमिट कसं देऊ?"

मला तर रडूच यायला लागलं होतं. शेवटी गोमाजीबुवाच म्हणाले, "चालू कायले करता? बैल ओढतीन."

साहेबांनी कायद्याची पानं उलटली. "बैलांनी ओढली तर... मनाई दिसत नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी साहेब सावलीवरूनच गडचिरोलीला निघाले होते, ते मुद्दाम थांबले. गावच्या बंडीवाल्यांनी आपापल्या जोड्या आणल्या. ट्रक चालू झाला की आपलं भाडं जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी आणल्या.

राजय्या स्टिअरिंगवर, शेजारी धुतलेलं धोतर नेसून गोमाजीबुवा. घुंगरं वाजत होती, आणि ट्रक तळ्याच्या पाळीवरून हळूहळू शिवेकडे चालला होता. आम्ही सगळे मागे पायी. बुवा काचेतून धानाच्या मोकळ्या बांध्यांकडे पाहत होते.

शिवेवरून परत आल्यावर लटारूनं बापाला हात धरून उतरवलं.

"काय बुवा, आहे हरकत?" साहेबांनी विचारलं.

बुवांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"नाई जी. बेस हाये गाडी. अन् आवाज तं बिलकुलच करत नाई."